नव्या जॅझ वादकांच्या पाठीशी कसं उभं राहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, पुणे आणि गोव्यात आज विशी-पंचविशीतली बरीच मुलंमुली मन लावून जॅझ वाजवताहेत. त्यांचं कौतुक होतं, व्हिडिओ पाहिले जातात, पण महिनाअखेरीस घरभाडं निघेल इतकं काम मोजक्यांच्याच वाट्याला येतं. श्रोते, पालक, कॅफेचालक आणि खुद्द वादक नेहमी जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. या मुलांना दोन गोष्टी हव्यात: नेमाने वाजवायला जागा आणि केलेल्या कामावर स्वतःचं नाव. पैसा या दोन्हींच्या मागून येतो.

जॅझ तर परदेशी संगीत. ते आपण का जपायचं?

जॅझ जन्माला आलं अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये. ते श्रेय त्यांचंच आहे. पण मुंबईत हे संगीत येऊनही आता नव्वदेक वर्षं झाली. १९३५ साली अमेरिकेहून लिऑन ॲबी यांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यांच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानिस्ट टेडी वेदरफर्ड इथे राहिले, आणि त्यांच्यासोबत वाजवता वाजवता गोव्याहून आलेले तरुण तयार झाले.

ते तरुण कोरी पाटी घेऊन आलेले नव्हते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवलं जाई. त्यामुळे समोर ठेवलेला कागद बघून वाजवणं त्यांना लहानपणापासून येत होतं. आल्दोना गावचे अंतोनियो झेवियर वाझ मुंबईत 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवू लागले आणि लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. पन्नास-साठच्या दशकांत चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवर, गेलॉर्ड, ॲम्बॅसेडर, ॲस्टोरिया अशी एकापाठोपाठ एक ठिकाणं होती आणि तिथे बँड वाजत. याच वादकांनी दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत काम केलं. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांच्या गाण्यांतला तो ठसकेबाज ब्रास आठवा. त्यामागे चिक चॉकलेट आणि त्यांचे सोबती होते. ज्या संगीतावर आपल्या आजी-आजोबांनी ताल धरला, ते परकं कसं म्हणायचं?

मग मधल्या काळात ते गेलं कुठे?

वादक इथेच होते, जागा गेल्या. दारूबंदीच्या काळात हॉटेलांचं गणित बिघडलं, पुढे डिस्को आलं, डीजे आले. १९७८ साली निरंजन झवेरी यांनी मुंबईत 'जॅझ यात्रा' सुरू केली. पहिल्याच वर्षी अमेरिकेचे नामवंत सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेले. धोबी तलावाजवळचं रंगभवन हे त्या महोत्सवाचं घर होतं. पण ते पडलं इस्पितळं आणि कॉलेजांच्या शेजारी. शांतता क्षेत्राचे नियम कडक झाल्यावर तिथलं संगीत थांबलं. लोअर परळच्या गिरणीत २००७ साली सुरू झालेल्या ब्लू फ्रॉगमध्ये एका पिढीला चांगला मंच मिळाला, तोही २०१६ मध्ये बंद झाला. आज मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम होतात, पुण्यात कोरेगाव पार्कच्या शिशा कॅफेने वर्षानुवर्षं जॅझला जागा दिली, गोव्यात हंगामात बरंच काही चालतं. पण शिकाऊ वादकाला दर बुधवारी हक्काने जाता येईल अशी ठिकाणं फार थोडी आहेत.

दर आठवड्याच्या कार्यक्रमाचा एवढा आग्रह कशासाठी? वर्षातून एक मोठा महोत्सव पुरत नाही का?

पुरत नाही. जॅझमध्ये ठरलेला भाग थोडा असतो. हेड म्हणजे मूळ धून वाजते, मग त्याच चेंजेसवर, म्हणजे कॉर्ड्सच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) क्रमावर, प्रत्येकजण सोलो घेतो, शेवटी पुन्हा हेड. मधलं सगळं जागेवर घडतं. ड्रमरने अचानक काही टाकलं तर पियानोवाल्याने काय करायचं, सोलो कधी संपवायचा, बेसला कधी मोकळं सोडायचं, हे घरी मेट्रोनोम लावून येत नाही. ते चारचौघांसमोर चुकत, त्याच माणसांबरोबर पुन्हा पुन्हा बसून येतं.

न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये थॅड जोन्स आणि मेल लुईस यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये दर सोमवारी बिग बँड, म्हणजे बऱ्याच वादकांचा मोठा वाद्यवृंद, वाजवायला सुरुवात केली. दोघेही गेले, बँडचं नाव बदललं, माणसं बदलली, सोमवार मात्र कायम राहिला. तिथे शेजारच्या खुर्चीवर बसून शिकलेल्या वादकांची यादी काढली तर न्यू यॉर्कच्या अर्ध्या जॅझचा इतिहास होईल. आपल्याकडे महोत्सवांना प्रायोजक मिळतात, फलक लागतात, फोटो येतात. सोमवारला प्रायोजक मिळत नाही. माझ्या मते हाती पैसे असतील त्यांनी आधी सोमवारकडे बघावं.

मी स्पॉटिफायवर त्यांचं संगीत रोज ऐकतो. त्यातून त्यांना पैसे मिळतात ना?

फारच थोडे, आणि कित्येकांना शून्य. जमा झालेल्या पैशांची वाटणी एकूण स्ट्रीम्सच्या प्रमाणात होते. तुमची वर्गणी तुम्ही ऐकलेल्या कलाकाराकडे थेट जात नाही, सगळ्यांच्या डब्यात जाते आणि ज्यांना अफाट ऐकलं जातं त्यांच्याकडे त्यातला मोठा वाटा वळतो. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला: मागच्या १२ महिन्यांत ज्या ट्रॅकला १,००० स्ट्रीम मिळाले नसतील, त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच नाही.

जॅझला याचा दुहेरी फटका बसतो. ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो. दोन मिनिटांचं गाणं आणि अकरा मिनिटांची रचना, दोन्हींचा हिशेब एकच. अकरा मिनिटं एकाग्र होऊन ऐकणारा श्रोता त्या तासाभरात पाच स्ट्रीम देतो, मागे गाणी लावून काम करणारा वीस-पंचवीस. चौघांच्या बँडने हिंमत करून लांब रचना केली तर तिची किंमत कमी होते.

तरीही ऐकणं सोडू नका. कलाकाराला फॉलो करा, अल्बम सेव्ह करा, कारण आयोजक हे आकडे बघतात. फक्त 'मी ऐकतो म्हणजे मी मदत केली' असं समजून थांबू नका.

मग पैसे थेट कसे पोचवायचे?

बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर अल्बम विकत घ्या. तिथे डिजिटल विक्रीतून १५ टक्के आणि सीडी, एलपी, टी-शर्टवर १० टक्के कंपनी ठेवते. पेमेंटचा खर्च वगळता उरलेलं कलाकाराला जातं. मार्च २०२० पासून 'बँडकॅम्प फ्रायडे' असतात, त्या शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडते. एका अल्बमची खरेदी हजारो स्ट्रीम्सना भारी पडते. आणि कार्यक्रम संपल्यावर टेबलावर सीडी दिसली तर घ्या, घरी सीडी प्लेअर नसला तरी घ्या.

कॅफेत आधीच जेवणाचं बिल भरतो. वर कव्हर चार्ज, म्हणजे प्रवेशाचे वेगळे पैसे, कशाला?

कारण बिलातले पैसे स्वयंपाकघराचे आहेत. एक साधा हिशेब मांडू. चाळीस माणसं, प्रत्येकी ५०० रुपये, झाले २०,०००. पूर्ण रक्कम बँडला दिली तर चौघांना प्रत्येकी ५,०००. आता त्यातून ड्रमर मिरा रोडहून वांद्र्याला सिंबल आणि स्नेअर घेऊन टॅक्सीने येणार, रात्री साडेबाराला परत जाणार. माणसाएवढा डबल बेस घेऊन विरार लोकलमध्ये संध्याकाळी सहाला कुणी चढून दाखवावं! त्याआधी दोन तालमी झालेल्या असतात, त्यांच्या स्टुडिओचं भाडं वेगळं. हे सगळं वजा करून काय उरतं ते तुम्हीच बघा. आणि चाळीस माणसं दर वेळी येतात असंही नाही.

माझा छोटा कॅफे आहे. जॅझ नाइट सुरू करायची आहे. काय करू?

मला सर्वांत जास्त आनंद या प्रश्नाने होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वार ठरवा आणि किमान सहा महिने बदलू नका. शुक्रवार-शनिवार नकोच. त्या दिवशी वादकांना लग्नाची, कॉर्पोरेटची कामं असतात आणि तुमच्याकडे वाढदिवसाच्या पार्ट्या. मंगळवार किंवा बुधवार धरा. एक पक्का त्रिकूट नेमा: पियानो, बेस, ड्रम्स. दर आठवड्याला त्यांच्यासोबत एक नवा पाहुणा. पहिला सेट बँडचा, दुसऱ्या सेटनंतर अर्धा तास जॅम, ज्यात शिकणारी मुलं येऊन एखादी रचना वाजवतील. हा अर्धा तास फार मोलाचा आहे.

मानधन आधी ठरवा, लिहून द्या आणि त्याच रात्री यूपीआयने पाठवा. किमान रक्कम पक्की, दारावर जास्त जमलं तर त्यात वाटा. पाच माणसं आली म्हणून मानधन कापू नका. गर्दी जमवणं हे दुकान चालवणाऱ्याचं काम आहे. वादकांना जेवण द्या, आणि ते गिऱ्हाइकांना देता तेच द्या.

आता जागेबद्दल. ड्रम्सखाली जाड सतरंजी हवी, नाहीतर बेस ड्रम प्रत्येक ठोक्यागणिक पुढे सरकतो. कीबोर्ड ८८ पट्ट्यांचा आणि वजनदार कीजचा असावा. खरा पियानो असेल तर तो ट्यून केलेला असावा. समुद्राजवळच्या दमट हवेत तो पटकन उतरतो, पावसाळ्यानंतर ट्यूनरला बोलवाच. टीव्हीवरची मॅच बंद. बार बँडच्या बाजूला असेल तर बार हलवता येत नाही, पण ब्लेंडर थांबवता येतो. बॅलड चालू आहे, ड्रमर स्नेअरवर नुसता ब्रश गोल फिरवतोय, सॅक्सोफोनवाली एक सूर धरून तो हळूहळू विरू देतेय, आणि तेवढ्यात तीन फुटांवर बर्फ फोडायला ब्लेंडर सुरू होतो. हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. वेटरना एवढंच सांगून ठेवा: बँड हळू वाजवायला लागला की ब्लेंडर गाणं संपेपर्यंत बंद.

परवानग्यांचं वेळेत बघा. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे गच्चीवर किंवा अंगणात असेल तर साडेसातला सुरुवात करा. संगीताच्या सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना काढणं ही जागा चालवणाऱ्याची किंवा आयोजकाची जबाबदारी असते, ती वादकांवर ढकलू नका.

नव्या मुलांना एक्स्पोजर मिळतं, ते फुकट वाजवायला तयार असतात. मग घ्यायचं का?

नाही. ती तयार असतात कारण नाही म्हणायची त्यांची परिस्थिती नसते.

घरी कार्यक्रम ठेवता येईल का?

जरूर. आपल्याकडे घरगुती बैठकीची रीत जुनी आहे. सतरंज्या अंथरून पंचवीस-तीस माणसं रागसंगीत ऐकतात, तसंच हेही ऐकता येतं. ड्रम्स नकोत, गिटार, डबल बेस आणि सॅक्सोफोन किंवा गायिका असं त्रिकूट सोसायटीच्या हॉललाही झेपतं. शेजाऱ्यांना आधी सांगा, किंबहुना बोलवा. मानधनासाठी निमंत्रणातच प्रत्येकी किती ते लिहा. शेवटी पाकीट फिरवण्यात सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं. ठाणे-डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत अशा बैठका सुरू झाल्या तर जॅझला नेहमीच्या दोन-चार पत्त्यांपलीकडचा श्रोता मिळेल, असं मला मनापासून वाटतं.

आमचा बँड जुन्या स्टँडर्ड, म्हणजे सगळेच जॅझवाले वाजवतात अशा ठरलेल्या, रचना वाजवतो. त्या रेकॉर्ड करून टाकल्या तर चालतील का?

कार्यक्रमात वाजवणं वेगळं आणि रेकॉर्ड करून प्रसिद्ध करणं वेगळं. भारतात संगीतरचनेचा कॉपीराइट संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. जॅझचे मोठे संगीतकार ड्यूक एलिंग्टन १९७४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचना इथे २०३४ संपेपर्यंत संरक्षित आहेत. कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या रचनेचं आपलं रेकॉर्डिंग, प्रसिद्ध करायचं तर आधी परवाना घ्या आणि अपलोड करताना मूळ संगीतकाराचं नाव बिनचूक लिहा. यूट्यूबवर व्हिडिओ करायचा तर चित्राला संगीत जोडण्याची परवानगी आणखी वेगळी.

यावर जॅझवाल्यांनी फार पूर्वी एक सुंदर वाट काढली आहे. चाळीसच्या दशकात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि त्यांच्या पिढीने जुन्या गाण्यांचे कॉर्ड्स ठेवले आणि त्यावर स्वतःच्या नव्या धुना बांधल्या. नुसत्या कॉर्ड्सच्या क्रमावर सहसा कुणाचा हक्क मानला जात नाही, धुनेवर मानला जातो. गर्श्विन यांच्या 'आय गॉट रिदम' या गाण्याच्या कॉर्ड्सवर इतक्या रचना झाल्या की त्या साच्याला 'रिदम चेंजेस' हेच नाव पडलं. पहिल्या अल्बमसाठी मी हाच सल्ला देईन. स्टँडर्ड मैफलीत वाजवा, रेकॉर्डवर स्वतःची धून टाका.

स्वतःच्या रचनेवर हक्क राखायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आळस न करता चार कामं करा. रेकॉर्डिंगच्या आधी एका कागदावर लिहा की धून कुणाची, कुणाचा किती टक्के वाटा, आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. मैत्रीत हे विचारायला संकोच वाटतो, पण मैत्री टिकावी म्हणूनच हा कागद लागतो. संगीतकार म्हणून आयपीआरएस या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या, संस्थेचं सदस्यत्व घ्या आणि प्रत्येक रचना तिथे नोंदवा. गायक-वादक म्हणून इसाम्राकडे, म्हणजे गायक-वादकांच्या हक्कांसाठीच्या संस्थेकडे, चौकशी करा. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा, क्रमांक असू द्या. वितरक तो देतो. आणि अल्बमच्या माहितीत बेस कुणी वाजवला, ड्रम्सवर कोण, मिक्सिंग कुणाचं, सगळं भरा. कार्यक्रमानंतर वाजवलेल्या रचनांची यादी आयोजकाला द्या, म्हणजे परवान्याचा पैसा कुणाकडे जायला हवा हे कळतं.

यावर मी इतका जोर का देते? सबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही नावं घ्या. हिंदी सिनेमाच्या सोनेरी काळातलं वाद्यमेळाचं लेखन मोठ्या प्रमाणावर अशा गोव्याच्या माणसांनी केलं. डिसूझांनी शंकर-जयकिशन यांच्याकडे वर्षानुवर्षं ॲरेंजिंग केलं. गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना घडवलं. पण काम झालं की त्या दिवसाचे पैसे हातात, पडद्यावर नाव बहुधा नाही आणि रॉयल्टीचा तर प्रश्नच नाही. ती गाणी आजही रोज वाजतात. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला समान वाटा कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणालाही लिहून देता येणार नाही अशी तरतूद झाली. जावेद अख्तर यांनी संसदेत त्यासाठी आवाज उठवला होता. आता कायदा बाजूने आहे. तरीही नोंदच नसेल तर कायदा कुणाचं नाव शोधणार?

मुलगी सॅक्सोफोन शिकते आणि पुढे हेच करायचं म्हणते. आम्ही काळजीत आहोत.

काळजी रास्त आहे. फक्त जॅझ वाजवून घर चालवणारे वादक न्यू यॉर्कमध्येही कमीच. शिकवणं, स्टुडिओचं काम, जाहिरातींचं संगीत, लग्नसमारंभ, इतरांच्या बँडमध्ये सब, म्हणजे बदली वादक, म्हणून जाणं, असं मिळून उत्पन्न होतं. तिने वाचन, म्हणजे नोटेशन, पक्कं करावं. ज्याला समोर ठेवलेला चार्ट लगेच वाजवता येतो त्याला काम मिळतं. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या परीक्षांचा त्यासाठी उपयोग होतो, पण त्या पुरेशा नाहीत. कानाने ऐकून सोलो उतरवून काढायची सवय हवी. मुंबईत ट्रू स्कूल ऑफ म्युझिक, चेन्नईत केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी, पणजीत कला अकादमीचा पाश्चात्य संगीत विभाग आहे. परदेशी पदवीचा खर्च अफाट असतो. शिष्यवृत्तीशिवाय, घर गहाण टाकून मुळीच पाठवू नका.

आणि एक विनंती. तिच्या कार्यक्रमांना जा. रात्री उशिरा परत येताना सोबत हवी असते हे तर खरंच, पण समोर आईबाबा बसलेत याने त्या वयात बळ येतं.

आपल्या मुलांनी जॅझमध्ये राग, तबला आणला तर लोकांना जास्त भावेल ना?

त्यांना वाटलं तर आणतील. तालवादक त्रिलोक गुर्टू यांना ते सहज जमलं, कारण शोभा गुर्टूंच्या घरात ते तबला वाजवत वाढले आणि मग युरोपात जाऊन जॅझवाल्यांबरोबर वाजवू लागले. दोन्ही संगीतं त्यांच्या अंगातच होती. पण प्रत्येक आयोजकाने 'थोडं फ्युजन करा' अशी अट घातली की मुलं वरवरचं काहीतरी बांधून आणतात. ज्याला नुसता स्विंग, म्हणजे जॅझची ती झुलती लय, वाजवायचाय त्याला तो वाजवू द्या.

संस्था किंवा कंपनी म्हणून काही करता येईल का?

लंडनचं उदाहरण बघा. गॅरी क्रॉस्बी आणि जनीन आयरन्स यांनी १९९१ मध्ये 'टुमॉरोज वॉरियर्स' सुरू केलं. तिथे तरुण मुलांना, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांना आणि मुलींना, विनाशुल्क एकत्र वाजवायला मिळतं. तिथेच भेटलेल्या मुलांचा एझ्रा कलेक्टिव्ह हा बँड २०२३ मध्ये मर्क्युरी हे वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीचं ब्रिटिश पारितोषिक जिंकला. जॅझ बँडला ते पहिल्यांदाच मिळालं. पेरल्यापासून तिथे पोचायला तीन दशकं लागली, हे कंपन्यांनी ध्यानात घ्यावं.

आपल्याकडे मोठ्या इमारतीची गरज नाही. शाळेचा रिकामा वर्ग शनिवार-रविवारी द्या. एक ड्रमसेट, एक बेस अँप, एक कीबोर्ड कायमचा तिथे ठेवा. एका अनुभवी वादकाला वर्षभराचं मानधन द्या. ज्या मुलाच्या घरी सॅक्सोफोन घेणं परवडत नाही त्याला तो वापरायला द्या. वस्त्यांमधल्या ब्रास बँडवाल्यांच्या मुलांपर्यंत हे पोचलं तर फारच उत्तम, फुंकवाद्यं त्यांच्या घरात आधीपासून आहेत.

३० एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो. आमच्या सोसायटीत त्या दिवशी कार्यक्रम ठेवू का?

युनेस्कोने २०११ मध्ये हा दिवस जाहीर केला आणि २०१२ पासून तो जगभर साजरा होतो. ठेवायला हरकत नाही, पण त्या दिवशी शहरातल्या प्रत्येक वादकाला तीन-तीन बोलावणी असतात आणि पुढचा महिना बऱ्याच जणांचा रिकामा जातो. त्यापेक्षा मे महिन्यातला एखादा बुधवार घ्या. बँडशी बोलून मानधन ठरवा, अर्धी रक्कम आगाऊ पाठवा आणि जूनमधलाही एक बुधवार त्याच वेळी पक्का करून टाका.